चुकलेला शॉट कुठे लिहिलाय?

आझाद मैदानाच्या कडेला टेबल टाकून बसलेला क्रिकेटचा स्कोअरर काहीच घडलं नाही तरी लिहितो. बॅट्समनने चेंडू सोडला, एक टिंब. नुसता तटवला, आणखी एक टिंब. त्या टिंबांमुळेच संध्याकाळी कळतं की पन्नास धावा ६० चेंडूंत झाल्या की १४० चेंडूंत. लालबाग-परळच्या कबड्डीतही रिकामी चढाई मोजतात. सलग दोन रिकाम्या गेल्या की तिसरीला काहीतरी करून दाखवावंच लागतं. म्हणजे वाया गेलेला प्रयत्न मोजायची सवय या शहराला आहे. बास्केटबॉलच्या टेबलापाशी आलो की मात्र ती जाते कुठे, देव जाणे.

फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, नमुन्याची स्कोअरशीट डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला १ ते १६० आकडे छापलेले. दोनाची बास्केट पडली की त्या आकड्यावर तिरकी रेघ आणि शेजारी खेळाडूचा नंबर. तीनाची, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून मारलेली, पडली की त्या नंबराभोवती गोल. फाउलबद्दल मिळालेला एका गुणाचा फ्री थ्रो गेला की आकड्यावर भरीव ठिपका. दुसऱ्या बाजूला फाउल, टाइमआउट, कोण कधी उतरलं त्याच्या खुणा. रिंगवर दोनदा नाचून बाहेर पडलेला बॉल, रिंगजवळून टाकताना ब्लॉक झालेला ले-अप, नेटला न शिवता मागच्या जाळीवर आदळलेला एअर बॉल, यांना या कागदावर जागाच नाही. शीटचा यात दोष नाही. ती निकाल ठरवायला बनवली आहे आणि निकालाला पडलेल्या बास्केटच लागतात. चूक आपण करतो. निकालाचा कागद आपण खेळाडू निवडायचा कागद म्हणून वापरतो.

या कागदावरून काढता येणारा खेळाडूचा आकडा एकच, एकूण गुण. बक्षीस समारंभात ‘टॉप स्कोअरर’ची ट्रॉफी त्यावर जाते. निवड चाचणीला मुलगा उभा राहतो तेव्हा ‘ह्याने त्या मॅचमध्ये तीस मारले’ हीच त्याची ओळख असते. प्रश्न ट्रॉफीपुरता असता तर सोडून दिला असता. पण महाराष्ट्रात जिल्हा-राज्य पातळीवर खेळलेल्यांना दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, कॉलेजात क्रीडा कोट्यातून प्रवेश होतात, शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि रेल्वेची भरती तर मुंबईच्या बास्केटबॉलमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांचं स्वप्न. संघात कोण आला आणि कोण राहिला यावर एखाद्याचं पुढचं आयुष्य ठरत असेल, तर निवड कशावरून झाली हे विचारणं सार्वजनिक हिताचंच आहे. म्हणून मागणी साधी आहे: ज्या स्पर्धेच्या प्रमाणपत्राला किंवा निवडीला कुठेतरी वजन आहे, त्या प्रत्येक स्पर्धेत मारलेला प्रत्येक शॉट लिहिला जावा. पडलेला आणि न पडलेला, दोन्ही.

त्याने फरक किती पडतो, ते मुंबईच्या कोर्टांवर ज्याच्या नंबराची जर्सी आजही दिसते त्या कोबी ब्रायंटच्याच, अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या दोन सामन्यांवरून पाहू. २२ जानेवारी २००६ ला टोरंटोविरुद्ध त्याने ८१ गुण केले. १३ एप्रिल २०१६ ला, कारकिर्दीच्या शेवटच्या सामन्यात, युटाविरुद्ध ६०. दोन्ही रात्री लोक खुर्च्यांवर उभे राहिले, आणि राहणारच. पण ८१ ला त्याला ४६ शॉट लागले, ६० ला ५०. पहिल्या सामन्यात ४६ पैकी २८ पडले, त्यातले ७ तीनाचे. फ्री थ्रो २० पैकी १८. दुसऱ्यात ५० पैकी २२, त्यातले ६ तीनाचे, आणि ते ६ पडायला तीनाचे २१ मारावे लागले. फ्री थ्रो १२ पैकी १०. नुसत्या गुणांत पाहिलं तर दुसरा सामना पहिल्याचा धाकटा भाऊ वाटतो. शॉट मोजले की दोघांचं घराणंच वेगळं निघतं.

मोजायचं कसं? सगळ्यात जुना हिशेब पडलेले भागिले मारलेले. ८१ च्या सामन्यात ६१ टक्के, ६० च्या सामन्यात ४४. या हिशेबात एक खोट आहे: तो तीनाचा आणि दोनाचा शॉट एकाच तराजूत घालतो. एनबीएत तीनाची रेषा १९७९–८० च्या हंगामात आली, फिबात १९८४ मध्ये. त्याआधी ही टक्केवारी ठीक होती, नंतर ती फसवू लागली. तीनाचे दहा मारून चार पाडणाऱ्याचे १२ गुण होतात, दोनाचे दहा मारून पाच पाडणाऱ्याचे १०. जुना हिशेब दुसऱ्याला हुशार ठरवतो.

म्हणून ईएफजी, म्हणजे इफेक्टिव्ह फील्ड गोल टक्केवारी. पडलेल्या एकूण बास्केटमध्ये तीनाच्या बास्केटचा निम्मा आकडा मिळवायचा आणि मारलेल्या शॉटांनी भागायचं. ८१ च्या सामन्यात २८ अधिक साडेतीन, भागिले ४६, म्हणजे साडे-अडुसष्ट टक्के. ६० च्या सामन्यात २२ अधिक ३, भागिले ५०, म्हणजे बरोबर ५० टक्के. यात अजून फ्री थ्रो धरलेले नाहीत, आणि फाउल काढून घेणं ही तर स्वतंत्र कला आहे. ते धरायचे असतील तर ट्रू शूटिंग, म्हणजे टीएस: एकूण गुण भागिले, दुप्पट केलेली बेरीज. बेरीज कशाची, तर मारलेल्या शॉटांची आणि फ्री थ्रोच्या ०.४४ पटीची. त्या हिशेबाने ८१ चा सामना ७४ टक्के, ६० चा ५४. एनबीएच्याच विल्ट चेंबरलेनचा २ मार्च १९६२ चा शंभर गुणांचा सामना घ्या: ६३ पैकी ३६ शॉट, ३२ पैकी २८ फ्री थ्रो. टीएस ६५ टक्के. शंभर गुणांपेक्षा ८१ गुण किती नेटके होते, हे या एका भागाकाराने समजतं.

आता एनबीए सोडून आपल्या कोर्टावर येऊ. समजा आंतरमहाविद्यालयीन सामना आहे. ७ नंबरने २४ गुण केले, ११ नंबरने १४. स्कोअरशीटवर एवढंच आहे आणि दुसऱ्या दिवशी नाव ७ नंबरचंच होणार. बाजूच्या कागदावर मात्र असं लिहिलेलं आहे: ७ नंबरने २६ शॉट मारले, ९ पडले, त्यातले २ तीनाचे, फ्री थ्रो ६ पैकी ४. ११ नंबरने ९ मारले, ५ पडले, त्यातला १ तीनाचा, फ्री थ्रो ४ पैकी ३. पहिल्याचा टीएस ४२, दुसऱ्याचा ६५. संधीमागे (संधी म्हणजे मारलेले शॉट अधिक फ्री थ्रोची ०.४४ पट) गुण काढले तर पहिल्याचे ०.८४, दुसऱ्याचे १.३०. संघाचे एकूण शॉट साठ-सत्तरच्या घरात असतात. त्यातले २६ एकाच्याच हातून गेले आणि १७ वाया गेले, तर सामना कुठे गेला हे विचारायला नको.

पण इथे थांबून ‘७ नंबर बसवा, ११ नंबरला द्या’ म्हणणारा माणूस नुसत्या गुणांवर निवड करणाऱ्यापेक्षा धोकादायक आहे. आकडेवारी नुकती शिकलेल्यांची ही ठरलेली चूक. ११ नंबरने ९ शॉट मारले ते बहुतेक मोकळे होते, कारण समोरच्या संघाचे दोन-दोन डिफेंडर ७ नंबरला चिकटलेले होते. त्याला २६ मारायला लावा, तो ६५ वर राहणार नाही. शॉट मारायला मिळणारं २४ सेकंदांचं घड्याळ संपत आलं की बॉल ज्याच्या हातात कोंबला जातो त्याचे शॉट अवघडच असतात, आणि ती टक्केवारी त्याच्याच नावावर लागते. म्हणून टीएसचा आकडा कधीही एकटा लिहू नये. त्याच्या शेजारी दुसरा आकडा हवाच: तो कोर्टावर असताना संघाच्या शॉटांपैकी किती टक्के त्याने मारले. ४२ टक्के टीएस आणि ४० टक्के भार, हे एक चित्र. ४२ टक्के टीएस आणि १२ टक्के भार, हे साफ दुसरं.

आणि त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे शॉट कुठून मारला. ७ नंबरचे २६ शॉट जागेनुसार मांडू. रिंगखाली ६, पडले ४. मधल्या पट्ट्यात, पेंटच्या (रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकोनाच्या) बाहेर पण तीनाच्या रेषेच्या आत, ११, पडले ३. रेषेबाहेरून ९, पडले २. शॉटामागे गुण पाहिले तर रिंगखाली १.३३, मध्ये ०.५५, बाहेरून ०.६७. म्हणजे हा मुलगा वाईट शूटर आहे हे सिद्ध होत नाही. तो आत जाऊ शकतो आणि जात नाही, हे सिद्ध होतं. कोच वर्षभर ओरडत असतात, ‘अरे, आत जा, आत जा!’ आणि पोरगा मान हलवून पुन्हा एक ड्रिबल करून अठरा फुटांवरून उडतो. त्याच्यासमोर हे तीन आकडे ठेवा. ओरडण्यापेक्षा ते लवकर पोचतात.

एक गैरसमज इथेच काढलेला बरा. शूटिंगची आकडेवारी म्हणजे ‘तीनाचे जास्त मारा’ हा उपदेश, असं हल्ली सर्रास धरलं जातं. एनबीएच्या स्टेफन करीने २०१५–१६ मध्ये ४०२ तीनाचे पाडले आणि तेव्हापासून प्रत्येक सोसायटीच्या कोर्टावर दहा-बारा वर्षांची मुलं अर्ध्या कोर्टावरून दगड भिरकावल्यासारखा बॉल फेकतात. आकडेवारी असं सांगतच नाही. ती सांगते की तीनाच्या रेषेबाहेरून ३३ टक्के पडत असतील तर तो दोनाच्या ५० टक्क्यांएवढा झाला. २५ टक्के पडत असतील तर शॉटामागे पाऊण गुण, आणि त्यापेक्षा फाउल काढून साठ टक्क्यांनी दोन फ्री थ्रो मारणारा १.२ गुण आणतो. फिबाची रेषा २०१० मध्ये ६.२५ मीटरवरून ६.७५ वर गेली. चौदा वर्षांखालच्या मुलाच्या खांद्यात त्या अर्ध्या मीटरची ताकद आहे का, हे त्याचा स्वतःचा आकडा सांगेल, करीचा नाही. थ्री-बाय-थ्री, म्हणजे तीन-तीन खेळाडूंचा सामना, खेळत असाल तर गणित पुन्हा बदलतं. तिथे आतून एक गुण, बाहेरून दोन. बाहेरचा शॉट दीडपट नाही तर दुप्पट मोलाचा, म्हणून ईएफजीत निम्मा नव्हे, पूर्ण आकडा मिळवावा लागतो. फाइव्ह-ऑन-फाइव्हचं सूत्र तिथे उचलून लावलं की सगळे बाहेरचे शूटर उगाच कमी भरतात.

आता त्या ०.४४ कडे. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. दोन फ्री थ्रोंत संघाची एक संधी खर्च होते, म्हणून सरळ हिशेबाने ०.५ हवा होता. पण बास्केट पडून वर मिळालेल्या एका फ्री थ्रोला वेगळी संधी लागत नाही, तीनाच्या शॉटवर फाउल झाला तर तीन फ्री थ्रो एकाच संधीत होतात, टेक्निकलचा, म्हणजे गैरवर्तनासारख्या फाउलचा, तर कुणाच्याच संधीत धरायचा नसतो. हे सगळं मिसळून एनबीएत सरासरी ०.४४ येते. अमेरिकन कॉलेजच्या सामन्यांसाठी ०.४७५ वापरतात. मग आपल्या शालेय मुलींच्या सामन्याला ०.४४ कोणत्या हक्काने लावायचा? लावू नये. आपला आकडा आपण काढावा, आणि गंमत म्हणजे तो आपल्या कपाटातच पडलेला आहे.

स्कोअरशीटवर फाउल लिहिताना नुसता ‘पी’ (पर्सनल) लिहीत नाहीत; फ्री थ्रो दिले असतील तर त्याच्या शेजारी बारीक १, २ किंवा ३ लिहितात. म्हणजे समोरच्या संघाच्या फाउलच्या रकान्यात आपल्या संघाला किती फ्री थ्रो मिळाले याचा पुरता हिशेब आहे. समजा एका सामन्यात प्रतिस्पर्ध्याच्या रकान्यात पी-२ दहा वेळा, पी-१ तीनदा, पी-३ एकदा आणि टेक्निकलचा टी-१ एकदा आहे. फ्री थ्रो झाले २७. संधी खर्च झाल्या फक्त पी-२ आणि पी-३ च्या, म्हणजे ११. भागाकार ०.४१. एका हंगामाच्या जुन्या शीटा घेऊन एखादी दुपार बसलं की आपल्या गटाचा, आपल्या वयाचा आकडा हाती येतो. भरीव ठिपके मोजले की संघाची फ्री थ्रोची टक्केवारीही निघते. खेळाडूवार निघत नाही, कारण कुणाचा चुकला हे तिथेही लिहिलेलं नसतं.

नव्याने नोंद करायची तर यंत्रांची गरज नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्सने सॅक्रामेंटो किंग्जला जादा वेळेत १३२–१३१ असं हरवलं, तेव्हा चुकलेला प्रत्येक शॉट लगोलग आकड्यांत दिसत होता. तेवढा थाट नागपाड्याला किंवा माटुंग्याला परवडणार नाही, आणि लागतही नाही. अर्ध्या कोर्टाचं चित्र असलेला ए-फोर कागद, संघागणिक एक, झेरॉक्स काढलेला. चित्रावर तीनाची रेषा, पेंट आणि रिंगखालचं अर्धवर्तुळ नीट दिसायला हवं. प्रत्येक शॉटच्या जागी खेळाडूचा नंबर; पडला तर भोवती गोल, चुकला तर वर फुली. चार क्वार्टरना चार रंगांचे पेन. फ्री थ्रो मार्जिनमध्ये, प्रत्येक फेरी वेगळी: गेलेल्यासाठी भरीव ठिपका, चुकलेल्यासाठी रिकामं वर्तुळ.

माणसं दोन हवीत, एक नाही. एक फक्त कोर्टाकडे बघतो आणि बोलतो: ‘सात, कॉर्नर, मिस.’ दुसरा मान खाली घालून लिहितो. एकट्याने दोन्ही केलं की तो लिहीत असताना झालेला आक्रमक रिबाउंड (आपल्याच संघाच्या चुकलेल्या शॉटचा पकडलेला बॉल) आणि लगेच पुन्हा मारलेला पुटबॅक हुकतो, आणि नेमके तेच शॉट सेंटरच्या, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या, नावावर लागायचे असतात. एकट्या स्कोअररच्या कागदावर सेंटर नेहमी प्रत्यक्षापेक्षा कमी शॉट मारतो आणि म्हणून जास्त कुशल दिसतो.

काय मोजायचं यावरही आधी एकमत लागतं, नाहीतर दोन स्पर्धांचे आकडे एकमेकांशी बोलत नाहीत. शॉट मारताना फाउल झाला आणि बॉल गेला नाही, तर तो शॉट धरायचाच नाही. फ्री थ्रो धरायचे. फाउल होऊनही बास्केट पडली तर शॉट आणि बास्केट दोन्ही. ब्लॉक झालेला शॉट हा चुकलेला शॉटच. रिबाउंडवरून मुद्दाम बोटांनी टिप केलेला बॉल हाही शॉट. गोलटेंडिंगची (रिंगकडे खाली येणारा बॉल बचाव करणाऱ्याने अडवल्यामुळे दिलेली) बास्केट पडलेली धरायची. पाय रेषेवर असेल तर तो दोनाचा प्रयत्न, चुकला तरी. इथे निम्मे स्कोअरर चुकतात, कारण चुकलेल्या शॉटवर पंच तीन बोटं वर ठेवत नाही आणि लिहिणारा अंदाजाने ‘तीनाचा’ लिहून मोकळा होतो. बझरनंतर हातातून सुटलेला बॉल कुठेच धरू नये.

क्वार्टर संपला की ताळा घ्यायचा: दोनाच्या बास्केट गुणिले २, अधिक तीनाच्या गुणिले ३, अधिक फ्री थ्रो. ही बेरीज स्कोअरबोर्डाशी जुळली पाहिजे. जुळली म्हणजे पडलेले बरोबर आहेत. चुकलेल्यांचा ताळा असा नाही, तिथे बघणाऱ्याच्या डोळ्यावर भिस्त. बाकी अधिकृत शीटच्या गुणांवर डोळे मिटून विसंबणाऱ्यांसाठी एक नियम सांगून ठेवतो. खेळाडूने चुकून स्वतःच्याच रिंगमध्ये बॉल घातला तर फिबाच्या नियमाने ते दोन गुण प्रतिस्पर्धी संघाच्या कोर्टावरच्या कॅप्टनच्या नावावर लागतात. बिचाऱ्याने शॉट मारलेला नसतो, पण टॉप स्कोअररच्या शर्यतीत तो दोनाने पुढे!

माणसं आणायची कुठून, हा आक्षेप सगळ्यात आधी येतो आणि तो सगळ्यात पोकळ आहे. मुंबईतल्या कितीतरी कॉलेजांत संख्याशास्त्राचा विभाग आहे; तिथल्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी खरीखुरी आकडेवारी हवी असते आणि आपल्याला हात हवे असतात. मात्र ज्या संघाचा सामना आहे त्याच कॉलेजचा लिहिणारा नको. मित्राचा ब्लॉक झालेला ले-अप ‘पास होता’ असं ठरायला वेळ लागत नाही.

दुसरा आक्षेप अनुभवी कोचचा असतो आणि तो आदराने ऐकण्यासारखा आहे: ‘तीस वर्षं बघतोय, पोराने बॉल सोडला की कळतं.’ कोपर कुठे आहे, पाय जमिनीवरून कसे सुटतात, बॉल किती फिरतोय, हे डोळ्याला खरंच कळतं आणि कोणत्याही टक्केवारीत दिसत नाही. पण डोळा जे चांगलं करतो ते वेगळं आणि मोजणं वेगळं. शेवटच्या मिनिटातला पडलेला शॉट महिनाभर आठवतो. दुसऱ्या क्वार्टरमधले एकामागून एक चुकलेले पाच शॉट चहा पिईपर्यंत विसरले जातात. नागपाड्याने अब्बास मुंतसिर यांच्यासारखे अर्जुन पुरस्कार मिळालेले खेळाडू दिले, तेही आकडेवारीशिवाय, असंही कुणी म्हणेल. दिले, खरंच आहे. पण निवड समितीपुढे एकाच उंचीचे, एकाच वेगाचे चार गार्ड उभे असतील आणि जागा एक असेल, तेव्हा डोळ्यांची चार मतं होतात.

तिसरा आक्षेप मला खरा अडचणीचा वाटतो. टक्केवारी लिहायला लागलो की मुलं टक्केवारीसाठी खेळायला लागतील. क्वार्टर संपायला दोन सेकंद असताना अर्ध्या कोर्टावरून मारलेला बॉल संघाच्या फायद्याचाच असतो, पण मारणाऱ्याच्या नावावर फुली पडते. मग हुशार मुलगा बझर होईपर्यंत बॉल हातातच ठेवतो. ही वृत्ती एनबीएतही होती. म्हणून २०२५–२६ पासून त्यांनी नियम बदलला: पहिल्या तीन क्वार्टरच्या शेवटच्या तीन सेकंदांत, स्वतःच्या अर्ध्या कोर्टात सुरू झालेल्या चालीवर ३६ फुटांपलीकडून मारलेला शॉट चुकला तर तो खेळाडूच्या नाही, संघाच्या नावावर. आपण हा नियम पहिल्या दिवसापासून लावावा. मार्जिनमध्ये ‘संघ’ असा एक रकाना, बस. बाकीच्या भीतीवर उपाय म्हणजे वर सांगितलेला भार. शॉट टाळणाऱ्याचा टीएस फुगेल, पण भाराचा आकडा त्याला उघडा पाडेल. शिवाय शूटिंग म्हणजे अख्खा खेळ नव्हे. अमेरिकन बास्केटबॉल-आकडेतज्ज्ञ डीन ऑलिव्हर यांनी सामना ठरवणाऱ्या चार गोष्टींना वजनं दिली, त्यात शूटिंगला ४० टक्के दिले. बाकी बॉल न गमावणं २५, रिबाउंड २०, फ्री थ्रोच्या रेषेवर जाणं १५. शूटिंगचा आकडा हा निवडीतला एक कागद आहे, निवड नव्हे.

मुंबईची स्वतःची एक अडचण आहे ती म्हणजे कोर्ट. एकाच आठवड्यात एक सामना बंदिस्त हॉलमधल्या लाकडावर आणि दुसरा उघड्यावरच्या सिमेंटवर होतो. समुद्राकडून वारा सुटला की बाहेरचा शॉट हातभर सरकतो. सिमेंटवर घासून गुळगुळीत झालेला बॉल घामेजल्या हातातून निसटतो. लटकून लटकून पुढे वाकलेली रिंग सपाट शॉट बाहेर फेकते. रिंगची उंची ३.०५ मीटर असायला हवी. कोर्टावर नवा थर चढला की ती तेवढीच कमी होते आणि खांब कुणी उचलत नाही. टेपने मोजायला दोन मिनिटं लागतात, पुढच्या कडेपासून आणि मागच्या कडेपासून, दोन्ही. अशा परिस्थितीत एका कोर्टावरचे ४५ टक्के आणि दुसरीकडचे ४५ टक्के सारखे नसतात. म्हणून खेळाडूचा टीएस नुसता न लिहिता त्या स्पर्धेच्या, त्याच कोर्टावरच्या सरासरीपेक्षा किती वर-खाली, असा लिहावा. एनबीएची सध्याची सरासरी ५७-५८ च्या आसपास आहे. ती घेऊन उघड्या कोर्टावरच्या पोराला ‘तू ४८ वर आहेस’ म्हणून हिणवणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. त्या स्पर्धेची सरासरी ४३ असेल तर तो तिथला उत्तम शूटर आहे.

राहिला प्रश्न किती शॉटांवर विश्वास ठेवायचा. ज्याची खरी कुवत ३५ टक्के आहे असा मुलगा २० शॉट मारतो तेव्हा त्याची टक्केवारी सहज १० ते ११ टक्क्यांनी वर किंवा खाली जाते, नुसत्या योगायोगाने. म्हणजे तीनांपैकी दोन वेळा तो २४ ते ४६ च्या दरम्यान कुठेही दिसेल, आणि उरलेल्या एका वेळी त्याहूनही बाहेर. शंभर शॉटांवर हा झोका पाच टक्क्यांच्या आत येतो, ४०० वर अडीचच्या आत. चेंबरलेनची कारकिर्दीतली फ्री थ्रोची टक्केवारी ५१ च्या आसपास; शंभर गुणांच्या त्या रात्री साडे-सत्त्याऐंशी. त्या रात्रीची निवड चाचणी असती तर त्याला देशातला भरवशाचा फ्री थ्रो शूटर म्हणून निवडलं असतं. दोन दिवसांच्या चाचणीत मुलगा वीस-पंचवीस शॉट मारतो. त्यावरून शूटिंग ठरवणं म्हणजे नाणं उडवून शिक्का मारणं. यातून चाचणी बंद करा असं निघत नाही. हंगामभराचा कागद चाचणीच्या टेबलावर आधीच असायला हवा, असं निघतं. आणि तो तेव्हाच असेल, जेव्हा जूनपासून प्रत्येक सामन्यात कुणीतरी लिहीत बसलेलं असेल.

सगळं एकदम जमणार नसेल तर फ्री थ्रोपासून सुरुवात करावी. रिंगमागच्या बोर्डापासून ४.६० मीटर, समोर हात घालणारा कुणी नाही, जागा तीच, पाच सेकंदांचा वेळ तोच. इथे अवघड शॉट आणि सोपा शॉट असा वाद नाही, नजर चुकायची भीती नाही, पंच हाताने खूण करून थांबलेला असतो, लिहायला वेळ असतो. एका माणसाचं काम आहे. खेळाडूच्या नंबरापुढे गेलेल्यासाठी भरीव ठिपका आणि चुकलेल्यासाठी त्याच आकाराचं एक रिकामं वर्तुळ.